पेडल दगड झालं होतं

११ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

जुन्या नंबरावर तू सापडत नाहीस आणि नवा नंबर आई देत नाही. "पत्ता घे हवा तर. नंबर कुणाला द्यायचा नाही, असा मी शब्द दिलाय," म्हणाली. म्हणून हा कागद. उत्तर द्यायची सक्ती नाही. पण फाडायचा असेल तर वाचून फाड, कारण विषय तुझ्याच कामाचा आहे.

संपादकबाईंनी मोठ्या अंकासाठी तुलना काढली आहे. बड्या घराण्यांच्या स्पोर्ट्स सेडान, पण प्रत्येक घरातली सगळ्यात स्वस्त. घराणं मोठं, पोरगी धाकटी, असा मामला. वेग, खर्च आणि भरवसा या तीन गोष्टींवर तोलून सांगायचं की ज्याला आयुष्यात एकदाच अशी गाडी घ्यायची आहे, त्याने कुठली घ्यावी. तीन गाड्या कालच आल्या. ऑफिसच्या मागच्या आवारात उभ्या आहेत आणि हिशेबनीसापासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे काही ना काही निमित्त काढून बघून जाताहेत.

निळी, पांढरी आणि करडी. पत्रात रंगांवरच भागवते. निळीचं नाक लांब आणि बोनेट सपाट, मागची चाकं गाडी ढकलतात, तुला आवडेल तशी. पांढरी गुळगुळीत, सभ्य, शाळेत पहिल्या बाकावर बसणारी. आणि करडी.

करडीबद्दल गप्प राहणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं, म्हणून लिहूनच टाकते. ती त्याच कंपनीची आहे. दोन वर्षांपूर्वी डोंगरातल्या उतारावर तुझ्या हातून रस्ता सोडून गेली त्या गाडीची धाकटी बहीण. पत्रा नवा, दिवे नवे, इंजिन तेच.

मी बाईंना सांगू शकले असते की करडी दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी तसं विचारलंही. मी नको म्हटलं.

तुझी खुर्ची आता माझ्याकडे आहे. तिची उंची कमी करून घेतली, बाकी काही बदललेलं नाही. टेबलाच्या खणात तुझे चालवायचे हातमोजे सापडले. बगळा कॅमेरा पुसता पुसता म्हणाला, "राहू दे तिथेच." म्हणून राहू दिले.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे पत्ता बरोबर आहे. रोपवाटिकेत काम करतोस असं आई म्हणते. रोपांना पाणी घालणारा तू माझ्या काही केल्या डोळ्यांसमोर येत नाहीस. तू घरातल्या कुंडीतलं एकुलतं एक झाडही वाळवलं होतंस.

गाड्यांचं सांगते. निळीचं स्टिअरिंग हातात घेतलं की रस्त्यावरचा खडासुद्धा बोटांना कळतो. वळणावर आपण मनात आणायचं आणि तिने वळायचं. पण खराब रस्त्यावर तीच निळी कंबरेचा हिशेब चुकता करते. पांढरीत बसलं की बाहेर जग आहे हे विसरायला होतं. वेगात आहोत हे काट्याकडे पाहिल्यावर कळतं. तिची एकच तक्रार, की तिच्याबद्दल तक्रार करायला काही सापडत नाही आणि मग लेख लिहायचा कसा? करडी सरळ रस्त्यावर दोघींना धूळ चारते. पाय ठेवला की इंजिनात जोराने हवा भरणाऱ्या टर्बोचा बारीक शीळ घातल्यासारखा आवाज आणि पाठ सीटला चिकटते. दिसायलाही तीच देखणी. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मला ती फार आवडली.

मागची सीट तपासायला आईला नेलं. तुला आठवत असेल, तू नेहमी ऑफिसातल्या कुणाला तरी बसवायचास. मी म्हटलं, खरं गिऱ्हाईक बसवून बघू. निळीत शिरताना तिचं डोकं आपटलं.

"ही गाडी माणसं बसवायला नाही, कोंबायला केलीय," म्हणाली.

"आई, ही स्पोर्ट्स गाडी आहे."

"मग खेळाडूंना बसव."

पांढरीत ती पाचव्या मिनिटाला झोपली. तिच्या लेखी हाच निकाल. करडीत बसायला मात्र ती तयार झाली नाही. गाडीजवळ गेली, दाराला हात लावला आणि म्हणाली, "तू चालवतेस ना ही? हळू चालव." बस, एवढंच. मग घरी जाईपर्यंत भाजीच्या दरांवर बोलत राहिली.

आज बगळ्याने फोटो काढायला सुरुवात केली. सकाळी त्यानेच चहा केला, त्यात साखर घालायला विसरला, आणि आम्ही लवकर निघालो. पायाचं विचारशील तर जिने चढताना थोडा जपतो. बाकी पूर्वीसारखाच तासन् तास एका जागी उभा राहून उजेडाची वाट बघतो. तू ठेवलेलं नाव त्याला आणखी शंभर वर्षं पुरेल.

धाकटी


१ मार्च, शनिवार

दादा,

खर्च आणि भरवसा, हे दोन रटाळ भाग तू नेहमी माझ्या गळ्यात मारायचास. तेव्हा चिडायचे. आता वाटतं, गाडीची खरी ओळख तिथेच होते.

खर्चाचं थोडक्यात. शोरूममध्ये सांगतात तो आकडा म्हणजे नुसता उंबरठा. करडी कागदावर तिघींत स्वस्त, पण चांगल्या सीटा वेगळ्या, चांगले दिवे वेगळे, आणि सर्व्हिसिंगला गेली की खिसा रिकामा करून परत येते. निळीच्या डिकीत जादा चाकच नाही. टायर बसला तर टो करणारा ट्रक येईपर्यंत निसर्ग बघायचा. पांढरी घेताना महाग आणि नंतर गप्प. आईच्या भाषेत सांगायचं तर एकदाच रडवते.

भरवशासाठी मी यंदा एक केलं. नवी गाडी आठवडाभर चालवून काय कळणार? आठवडाभर पाहुणासुद्धा गोड वागतो. म्हणून तिन्ही गाड्यांचे जुने मालक शोधले आणि एकेकाला फोन लावत बसले. निळीवाले प्रेमाने शिव्या देतात. पांढरीवाल्यांना गाडीबद्दल विचारलं की ते स्वतःच्या मुलांबद्दल बोलायला लागतात, कारण गाडीबद्दल सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

करडीच्या मालकांत एक दातांची डॉक्टर भेटली. टेकडीवर राहते. गाडीवर खूश. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "फक्त तो ब्रेक मधूनच लाकूड होतो, तेवढं सोडलं तर."

मी विचारलं, "लाकूड म्हणजे?"

"म्हणजे पाय ठेवला तर पेडल खाली जातच नाही. एक-दोनदा झालं. दोन पायांनी दाबून थांबवली."

"मग दाखवली नाही गाडी?"

"दाखवली की. त्यांनी दिवसभर ठेवून घेतली आणि सांगितलं, काही दोष नाही. मॅडम, चप्पल बदलून बघा."

दादा, माझ्या हातातलं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं आणि तिथे शाईचा गोळा झाला.

दुसरा एक घरं बांधणारा कंत्राटदार. त्याचंही तेच, पण त्याचं म्हणणं, "ऊन फार असलं आणि गाडी दामटली की होतं. आता मी दामटत नाही." बाकीच्यांना असं काही जाणवलेलं नाही. दोन माणसांच्या बोलण्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. नुसतं कळवते आहे.

धाकटी


५ मार्च, बुधवार

दादा,

घाईत चार ओळी. काल करडी घेऊन डोंगरात गेले होते. छोटासा प्रसंग झाला. गाडीला ओरखडाही नाही, मीही धडधाकट. आईला काही लिहू नकोस.

इकडे हवा छान आहे. ऑफिसची लिफ्ट पुन्हा बंद पडली आहे. बगळा माझ्याशी कालपासून बोलत नाहीये, पण त्याचं कारण वेगळं.

धाकटी


१२ मार्च, बुधवार

दादा,

तुझं कार्ड आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर पाहिलं. "छोटासा म्हणजे काय? खरं लिही." एवढंच. नाव नाही, गाव नाही. मी ते आईला दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं, उलटं करून मागे काही आहे का पाहिलं आणि म्हणाली, "अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे." मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

खरं लिहिते.

मी मुद्दाम गेले होते. डॉक्टरीणबाईंचा फोन झाल्यापासून मला चैन नव्हतं. तुझी वळणं असलेला रस्ता घेतला नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. पलीकडचा, लांब सरळ उताराचा रस्ता घेतला, ज्याच्या कडेने गवताची चढण आहे. म्हणजे वेळ आलीच तर गाडी चढणीवर घालता येईल. एकटी गेले. बगळ्याला सांगितलं नाही. तो गप्प होता त्याचं कारण वेगळं नाही, हेच आहे.

डोंगर वर-खाली केला, गाडी दामटली. काही नाही. ब्रेक लोण्यासारखा. माथ्यावर थांबून इंजिन चालूच ठेवलं, पाणी प्यायले, स्वतःलाच चार शब्द सुनावले की फोनवरच्या गप्पांवर विसंबून काय करते आहेस तू? आणि परत निघाले. मध्यावर एक ट्रॅक्टर दिसला. वेग कमी करायला पाय ठेवला.

पेडल खाली गेलंच नाही, दादा. जमिनीत पुरलेल्या दगडावर पाय ठेवावा तसं. पाय ब्रेकवरच आहे ना म्हणून मी खाली पाहिलं. ब्रेकवरच होता. दुसरा पाय त्यावर ठेवला, पाठ सीटला टेकवली आणि जीव खाऊन रेटलं. गाडी थोडी रेंगाळली, पण थांबायचं नाव नाही. गिअर खाली ओढले, हँडब्रेकचं बटण ओढून धरलं आणि गाडी गवतात घातली. चढणीवर ती धापा टाकत थांबली. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून पाहिलं आणि हात हलवला. त्याला वाटलं मी ओळखीची आहे.

मी उतरून गवतात बसले. आणि मला हसू यायला लागलं. मग रडू. दोन्ही एकदम. पण भीती कशी ती नव्हतीच, विश्वास ठेव. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तू हॉस्पिटलात पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होतास, "पेडल दगड झालं होतं." कंपनीचा अहवाल आला, ब्रेक निर्दोष, चालकाने उशीर केला किंवा पाय घसरला. आणि मग हळूहळू तू ते वाक्य म्हणणं सोडलंस. एक दिवस आईला म्हणालास, "माझाच पाय घसरला असेल." मी तुझ्याशी भांडले होते तेव्हा. माझा विश्वास होता. पण माझ्या विश्वासाने तुला काय होणार, तुझा तुझ्यावर उरला नव्हता.

आता विश्वासाचा प्रश्न नाही. माझ्या पायाने पाहिलंय.

अडचण एकच. अर्ध्या तासाने धीर करून गाडीत बसले, पेडल दाबून पाहिलं, तर पुन्हा लोणी. ऑफिसात आणून दोन मेकॅनिकना दाखवली. काही नाही. आता मीही त्या डॉक्टरीणबाईंच्या रांगेत, चप्पल बदला हे ऐकून घ्यायची पाळी.

संपादकबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खिडकीशी जाऊन करडीकडे पाहिलं आणि विचारलं, "पुन्हा घडवून दाखवता येईल? सुरक्षित जागी, त्यांच्या माणसासमोर?" मी म्हटलं, प्रयत्न करते. त्यांनी तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. पुढच्या महिन्याच्या जाहिरातीचं पान त्याच कंपनीचं आहे, हे त्या विसरल्या नव्हत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "पान मोकळं राहिलं तर तुझा लेख लांबव."

धाकटी


२२ मार्च, शनिवार

दादा,

बसून वाच. उभा असशील तर बस.

कंपनीने आपली ब्रेकची मुख्य इंजिनिअर पाठवली. चाळिशीची बाई, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर 'चला, उरकून टाकू' असा भाव. शहराबाहेर जुनी धावपट्टी आहे, विमानं उतरत नाहीत तिथे, ती भाड्याने घेतली. दोन्हीकडे मोकळं मैदान, ब्रेक लागला नाही तरी आपटायला काही नाही. तिने स्वतःच्या हाताने करडीच्या ब्रेकला एक मापक जोडला. आपण पेडल हलकेच दाबतो आणि गाडी थांबते, ती ताकद आपल्या पायाची नसते ना, इंजिनजवळच्या डब्यातल्या निर्वात पोकळीची असते. ती पोकळी टिकते की नाही, हे त्या काट्यावर दिसणार होतं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत मी ती गाडी पिळून काढली. काटा जागचा हलला नाही. बाई सभ्यपणे म्हणाल्या, "कधीकधी भीतीमुळे पाय आखडतो. चांगल्या चांगल्यांचं होतं." माझं डोकं सटकलं.

दुसऱ्या दिवशी बगळा बरोबर आला. मी त्याला येऊ नकोस म्हटलं होतं. कॅमेरा गळ्यात, पण फोटो काढत नव्हता, नुसता कडेला उभा होता. दुपारी जवळ आला आणि म्हणाला, "तुम्ही हिला थांबू देत नाही आहात."

"म्हणजे?"

"त्या दिवशी आम्ही सतत चालवत नव्हतो. मला वळणावरचा फोटो हवा होता. दादाने गाडी पुन्हा पुन्हा वर-खाली केली, दामटून. मग मी लेन्स बदलत बसलो, ऊन होतं, म्हणून त्याने थंड हवेसाठी इंजिन चालू ठेवलं. गाडी चांगली तापलेली आणि जागच्या जागी उभी. मग शेवटची फेरी. त्याच फेरीत झालं ते."

मी डोंगराच्या माथ्यावर पाणी पीत उभी राहिले होते, इंजिन चालू ठेवून. तेही बाईंना सांगितलं. बाईंनी पहिल्यांदाच हातातला टॅब खाली ठेवला.

पुन्हा तसंच केलं. दामटली, मग उन्हात इंजिन चालू ठेवून उभी केली. टर्बोची सगळी धग बोनेटखाली कोंडली, वारा नाही. मग बाई म्हणाल्या, "मी चालवते." मी शेजारी बसले. धावपट्टीवर वेग घेतला, त्यांनी ब्रेक दाबला, सोडला, वेग घेतला, पुन्हा दाबला. काटा पडला. पाहता पाहता शून्यावर. आणि त्यांच्या तोंडून एक असा शब्द निघाला, जो सुशिक्षित माणसं पत्रात लिहीत नाहीत. गाडी मैदानात बरीच आत जाऊन थांबली. त्या दोन्ही पाय पेडलवर ठेवून तशाच बसून राहिल्या.

"हे दगड आहे," म्हणाल्या.

मी त्यांना तो 'दगड' शब्द सांगितला नव्हता, दादा. शपथेवर सांगते.

त्यांनी बोनेट उघडलं, हातमोजे घालून एक नळी सोडवली आणि आतून बोटभर लांबीची एक झडप काढली. पोकळी धरून ठेवणारी, एकाच बाजूला उघडणारी रबरी झडप. टर्बोच्या अगदी शेजारी बसवलेली. तापून तिची कड मुरडली होती, कडेने हवा आत शिरत होती. त्यांनी ती तळहातावर धरली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. आणि जसजशी ती निवत गेली तसतशी तिची कड हळूहळू सरळ होत गेली. पूर्ण निवली तेव्हा काही झालंच नाही असं सोंग घेऊन बसली. म्हणून कुणाला सापडत नव्हती. गॅरेजमध्ये गाडी पोचेपर्यंत ती शहाणी झालेली असायची.

बगळा लांब जाऊन पाठ करून उभा राहिला. मी गेले नाही त्याच्या मागे. त्याला जागा हवी असते.

बाई दूर जाऊन खूप वेळ फोनवर बोलत होत्या. एकदा आवाज चढलेला ऐकू आला, "नाही, मी स्वतः पेडलवर होते, मी स्वतः!" परत आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या गाडीतही हाच भाग होता. मी आत्ता खात्री करून घेतली. तो अहवाल माझ्या विभागाने लिहिला होता. मी तेव्हा तिथे नव्हते, पण त्याने काही फरक पडत नाही. त्यांचा पत्ता मिळेल का?"

मी म्हटलं, "आधी त्याला विचारते."

म्हणून विचारते आहे. देऊ का?

तुझी,
धाकटी


६ एप्रिल, रविवार

दादा,

"दे" एवढंच लिहायला तुला अख्खं पाकीट लागलं आणि आत दुसऱ्या कागदावर, "बगळ्याचा पाय कसा आहे?" दोन कागद वेगळे का? एकाच कागदावर मावलं नसतं का? आई म्हणाली, "दुसरा कागद टाकू की नको, यावर तो चार दिवस अडला असेल." तिला तू पाठ आहेस.

पत्ता दिला. इंजिनिअरबाईंचं पत्र तुला मिळालं असेल. बाईंनी मला आधी वाचून दाखवलं होतं. वकिलांनी त्यातलं एक वाक्य काढायला सांगितलं, "चालकाचे वर्तन योग्य होते," हे. त्यांनी काढलं नाही. कंपनी त्या इंजिनाच्या सगळ्या गाड्या परत बोलावून झडप बदलून देते आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंना मी स्वतः फोन केला. त्या आधी खूप हसल्या आणि मग म्हणाल्या, "दोन जोड नव्या चपला घेतल्या हो मी!"

अंक निघाला. जाहिरातीचं पान मोकळं राहिलं नाही. कंपनीने तिथे सूचना छापली की मालकांनो, गाड्या घेऊन या. निकाल असा: मनासाठी निळी, घरासाठी पांढरी, आणि एकच निवडायची तर पांढरी. कारण तिघींच्या वेगात जो फरक आहे तो रस्त्यावर कुणाला वापरता येत नाही, आणि भरवशातला फरक रोज वापरावा लागतो. करडीला क्रमांक दिला नाही. दुरुस्त होऊन आली की पुन्हा चालवू, असं लिहिलं. जो दुरुस्त होऊन येतो त्याला क्षमा असावी, असं माझं मत आहे. गाड्यांच्या बाबतीत तरी.

आता बगळ्याचा पाय. पाय बरा आहे. पाऊस यायच्या आधी कुरकुरतो, म्हणून हवामान खात्यापेक्षा मी त्याच्या पायावर जास्त विसंबते. हे मला कसं ठाऊक, असं विचारशील, तर त्याचं असं आहे, की तो आता इथेच राहतो. म्हणजे माझ्याकडे. हॉस्पिटलात डबा न्यायचे, मग त्याच्या घरी न्यायचे, मग एकदा तो म्हणाला डबा नको, तूच थांब. सव्वा वर्ष झालं. आईला माहीत आहे, तिला तो पसंत आहे, फक्त तो फार कमी खातो म्हणून कुरकुरते.

तुला कळवायचं धाडस होत नव्हतं. तुला वाटलं असतं की तू ज्याला जायबंदी केलंस त्याची काळजी मी घेते आहे, म्हणजे तुझंच देणं मी फेडते आहे. तसं अजिबात नाही. मला तो आवडतो, एवढाच सरळ मामला आहे. आणि आता तर तुझं देणंच नव्हतं हे सिद्ध झालंय, तेव्हा लाजायचं कुणी कशाला?

त्याने तुला कधी दोष दिला नाही. चौकशीत त्याने सांगितलं होतं की दादा ओरडला, पेडल दगड झालंय. त्यांनी लिहून घेतलं, 'चालक घाबरलेला होता.' त्याला तुझा राग आहे, पण तो तू भेटायला न येता निघून गेलास याचा. तो राग त्याने तुझ्यासाठी राखून ठेवलाय. येऊन घेऊन जा.

दुरुस्त करडी या महिन्याच्या अखेरीस पुन्हा धावपट्टीवर येईल. बाईंनी तुला बोलावलं आहे. माझं काही म्हणणं नाही. आईने मात्र गादीला ऊन दाखवलंय.

धाकटी


३० एप्रिल, बुधवार

दादा,

परवाच गेलास आणि आज पत्र, हे जरा अतीच. पण तू गाडीच्या आत होतास. बाहेरून काय दिसलं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

इंजिनिअरबाईंनी किल्ली पुढे केली तेव्हा तू हात मागे घेतलास. "मी नुसता बघायला आलोय," म्हणालास. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. बाई काही बोलणार होत्या, मी त्यांना खुणेने थांबवलं. तेवढ्यात बगळा आपला लंगडत गाडीला वळसा घालून गेला, पुढचं दार उघडलं, शेजारच्या सीटवर बसला आणि पट्टा लावला. तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोर काचेतून बघत बसला, उजेडाची वाट बघतो तसा. तुम्ही आदल्या संध्याकाळी घरी भेटलात तेव्हा दोघांनी मिळून सहा वाक्यं उच्चारली होती, त्यातली चार आईला उद्देशून.

तू किल्ली घेतलीस.

सुरुवातीला गाडी इतकी हळू गेली की माझ्या शेजारी उभा असलेला धावपट्टीचा पहारेकरी म्हणाला, "बिघडलीय का?" मी म्हटलं, "नाही, बरी होतेय." मग ती दामटलीस. इतक्या लांबूनही तुझे गिअर ओळखू आले. ठरल्याप्रमाणे ती उन्हात इंजिन चालू ठेवून उभी केलीत. त्या वेळात काचेतून मला दोन डोकी दिसत होती, सरळ, समोर बघणारी. मग बगळ्याचं डोकं तुझ्याकडे वळलं. बराच वेळ तसंच होतं. मग तुझं खाली गेलं, स्टिअरिंगवर टेकलं. त्याचा हात तुझ्या पाठीवर आला. एवढंच दिसलं. काय बोललात ते मला माहीत नाही. रात्री जेवताना बगळ्याला विचारलं तर म्हणाला, "हवामानाबद्दल."

मग तू निघालास. सरळ पट्टी, वेग वाढत चाललेला, टर्बोची शीळ. मागचे लाल दिवे लागले.

गाडी थांबली. नाक थोडं खाली झुकलं, पुन्हा वर आलं, आणि थांबली. मैदानात नाही, पट्टीवरच, आखलेल्या रेघेच्या अलीकडे. धूळसुद्धा उडाली नाही. बाईंनी डोळे मिटले होते, मी त्यांना कोपराने ढोसून सांगितलं, "थांबली हो."

मला वाटलं आता उतराल. दार उघडेल, तू माझ्याकडे येशील, मी काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. चांगलं वाक्य होतं. पण दार उघडलंच नाही. दिवे विझले, गाडी वळली आणि पुन्हा निघाली. थांबली. पुन्हा निघाली. तिसऱ्या वेळी खिडकीची काच खाली आली आणि बगळ्याचा लांब हात बाहेर आला, वाऱ्यात पसरलेला. आमच्यासमोरून गेलात तेव्हा तुम्ही दोघं हसत होतात. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

बाईंनी घड्याळ बघितलं. पट्टीची भाड्याची वेळ संपत आली होती. "थांबवायचं का त्यांना?" त्यांनी विचारलं.

मी सावली बघून एका दगडावर बसले. "राहू द्या," म्हटलं. मला काही घाई नव्हती.

धाकटी